किती मारलं तर चालतं?

मी फौजदारी कोर्टात वकिली करते हे कळलं की लग्नाच्या पंगतीत, एसटीत, अगदी दवाखान्याच्या बाकावरही एक प्रश्न ठरलेला असतो. ‘ताई, समजा कुणी अंगावर आलं, तर आपण किती मारलं तर चालतं?’ समोरचा कधी चोर असतो, कधी दारू प्यालेला भाडेकरू, कधी शेताचा शेजारी. माणसं बदलतात, ‘किती’ बदलत नाही. परवा तुम्हीही तेच विचारलंत आणि मी घाईत ‘परिस्थितीवर असतं’ म्हणून पुढे गेले. मग दिवसभर रुखरुख लागून राहिली. म्हणून आता नीट लिहिते.

कायद्यात याला खासगी संरक्षणाचा हक्क म्हणतात. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्याआधी एकशेसाठ वर्षांहून अधिक काळ तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ मध्ये होता. कलमांचे आकडे बदलले, गाभा तसाच राहिला. आपलं शरीर वाचवण्याचा हक्क आहेच, पण दुसऱ्या कुणाचंही वाचवण्याचा आहे. रस्त्यावर अनोळखी बाईला कुणी फरफटत नेत असेल तर मधे पडणाऱ्याला ‘तुझा काय संबंध’ असं कायदा विचारत नाही. १९६० साली निकालसंग्रहात छापून आलेला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे. बहीण नवऱ्याला सोडून वडिलांकडे राहायला आली होती. नवरा तिला घरातून ओढून न्यायला लागला, तेव्हा भावानं चाकूचा एकच वार केला आणि त्यात तो नवरा गेला. सुप्रीम कोर्टानं भावाला निर्दोष सोडलं.

आता ‘किती’. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, एवढंच कायदा सांगतो. फटके मोजून दिलेले नाहीत, आणि देताही येणार नाहीत. जिवावर बेतलेला माणूस आपला वार सोनाराच्या काट्यावर तोलू शकत नाही, हे आपल्या कोर्टांनी वारंवार मान्य केलंय. जिवाला धोका, गंभीर दुखापतीची भीती, बलात्काराच्या हेतूनं केलेला हल्ला, अपहरण, आणि २०१३ नंतर ॲसिडहल्ला, अशा प्रसंगी तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही.

पण कोर्टात खरा कीस पडतो तो कलम ४० वरून, जुन्या १०२ वरून. हा हक्क सुरू कधी होतो आणि संपतो कधी? धोक्याची रास्त भीती वाटली की सुरू होतो, मग समोरच्यानं अजून काही केलेलं नसलं तरी. भीती आहे तोवर टिकतो. भीती सरली की त्याच क्षणी संपतो. माझं अर्धं आयुष्य त्या एका क्षणावर उलटतपासणी घेण्यात गेलंय.

पंजाबातल्या दोन खटल्यांमुळे मला हे लख्ख कळलं. दोन्ही जमिनीच्या वादातले. १९६३ च्या जयदेव खटल्यात धोका टळल्यावर, माणसं शेतातून पळत सुटलेली असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं, माणसं पळाली तिथंच तुमचा हक्क संपला. खुनाचा दोष कायम राहिला. २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात बापावर गंडाशानं, म्हणजे लांब दांड्याच्या कोयत्यासारख्या हत्यारानं, वार झालेला पाहून मुलानं बंदूक चालवली. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. बंदूक दोन्ही खटल्यांत होती, माणसंही दोन्ही खटल्यांत मेली. दर्शन सिंगची गोळी सुटली तेव्हा धोका समोर उभा होता.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक केस सांगते. ओळख पटेल असं काही सांगत नाही. दोन शेतकरी, मधे एक बांध. दरवर्षी नांगरट आली की शेजारी बांध कोरायचा, दरवर्षी भांडण व्हायचं, गावातले चार जण मिटवायचे. त्या वर्षी शेजारी कुऱ्हाड घेऊन आला. माझ्या अशिलानं पहिला घाव डाव्या हातावर झेलला आणि जवळच्या खोऱ्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. कुऱ्हाड हातातून सुटली, माणूस गुडघ्यावर आला. इथवर कायदा माझ्या अशिलाच्या पाठीशी होता. मग त्यानं दांडा पुन्हा उचलला. आणखी एकदा. शेजारी जागेवर गेला.

तरीही वाट होती. हा हक्क वापरताना माणूस सद्भावनेनं, सूड म्हणून नव्हे, मर्यादेपलीकडे गेला तर तो खून धरत नाहीत, सदोष मनुष्यवध धरतात. ही वाट त्यानं स्वतःच बंद केली. गावातल्या एका जाणत्यानं कानात सांगितलं, ‘तू तिथं नव्हतासच म्हण.’ तो पोलिसांना तेच म्हणाला. ग्रामीण रुग्णालयात हाताच्या जखमेबद्दल ‘पत्र्यावर पडलो’ म्हणाला आणि डॉक्टरांनी केसपेपरवर तेच लिहिलं. माझ्याकडे आला तेव्हा जखम भरत आली होती, कपड्यांवरच्या रक्ताचा अहवाल यायचा होता आणि ‘मी नव्हतोच’ हे सगळ्या कागदांवर चढलं होतं. आरोपीनं स्वतः हा बचाव घेतला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर कोर्टाला तो बघावा लागतो. त्यावरच मी भांडले. सेशन कोर्टात जन्मठेप झाली. अपिलात शिक्षा कमी झाली, पण तोवर त्याची थोरली मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती.

त्या केसपेपरचं मला अजून वाईट वाटतं. हा बचाव सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते, पण तिचं ओझं हलकं असतं. तुमची हकीकत संभवनीय वाटली तरी पुरतं. सरकार पक्षाला लागतो तसा निःसंशय पुरावा तुम्हाला लागत नाही. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाला देता आला नाही, तर त्यांच्या अख्ख्या कहाणीवर संशय येऊ शकतो. त्याच्या हातावरचा तो घाव खरा लिहिला गेला असता, तर माझ्याकडे भांडायला काहीतरी असतं.

मालमत्तेबद्दल थोडक्यात. रात्री घर फोडून शिरलेला, जबरी चोरी करणारा, राहत्या घराला आग लावणारा, यांच्यासमोर कायदा फार पुढपर्यंत जाऊ देतो. आंबे चोरणाऱ्या पोराच्या मागे कुऱ्हाड घेऊन धावायला मात्र नाही. आणि शेतकरी बांधवांना हात जोडून एक विनंती. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडू नका. संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर शेजाऱ्यांना रोखायला उघड्या तारेत वीज सोडणाऱ्या बिहारमधल्या माणसाला सुप्रीम कोर्टानं १९६० च्या दशकातच सांगितलंय की हे संरक्षण नव्हे. त्या तारेनं एका बाईचा जीव घेतला होता. तार कुणाला ओळखत नाही. आपल्याकडे दरवर्षी अशा तारांवर माणसं मरतात, कधी कधी त्याच घरातली.

मुली वेगळं विचारतात. ‘त्यानं हात लावेपर्यंत थांबायचं का?’ अजिबात नाही. भीती रास्त असली की पुरे. पळून जाता येत होतं तरी का नाही पळालीस, हे तुमच्यावर धरता येत नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का, एवढंच कायदा बघतो, आणि अंधाऱ्या जिन्यात तो वेळ नसतो.

एका ठिकाणी मात्र हा कायदा तोकडा पडतो असं मला मनापासून वाटतं. वीस वर्षं मार खाणारी बाई समोरासमोर कधी जिंकणार नसते. तो झोपल्यावर तिनं वार केला, तर त्या क्षणी धोका नव्हता असं म्हणून तिच्यावर खुनाचं कलम लागतं. तिची भीती मात्र त्याच्या झोपेबरोबर झोपत नाही. अशा बायकांचे जबाब मी वाचलेत. त्यांना काय उत्तर द्यावं ते मला आजही सुचत नाही.

तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. आलीच, तर ११२ ला फोन करा. लगेच दवाखान्यात जा आणि जखम कशानं झाली ते खरं सांगा. पोलिसांसमोर वकील येईपर्यंत गप्प राहण्याचा हक्क तुम्हाला राज्यघटनेनं दिलाय, तो वापरा. पण ‘मी तिथं नव्हतोच’ हे वाक्य तोंडातून काढू नका, कितीही जाणत्यानं सांगितलं तरी.

आता लॉकअपमध्ये अशील भेटला की मी आधी घटना विचारत नाही. बाह्या वर करायला सांगते, शर्ट काढायला सांगते, ‘कुठं लागलंय ते दाखवा’ म्हणते. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी असा कायदा आहे. ती होऊन एकेक ओरखडा कागदावर येईपर्यंत मी तिथून हलत नाही.