नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल असा गेमिंग पीसी

२०१७ साली मी पहिला गेमिंग पीसी जोडला तेव्हा सगळे पैसे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डात घातले होते. रायझन ५ १६०० प्रोसेसर, सहा जीबीचं जीटीएक्स १०६० कार्ड, आणि उरलेल्या अठराशे रुपयांत बसला तो एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना पुरवणारा डबा. त्याच्यावर ५०० वॉट असं ठळक छापलेलं होतं, एवढ्यावर मी विश्वास ठेवला. मे २०१९ मध्ये भर दुपारी लाइन गेली, पाच-सात मिनिटांनी झटक्यासरशी परत आली, आणि टेबलाखालून फट्ट असा आवाज झाला. खोलीभर जळका वास पसरला. एसएमपीएस तर गेलाच, पण जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. त्या डिस्कवर आईच्या साठीच्या कार्यक्रमाचे फोटो होते. ते परत मिळाले नाहीत.

म्हणून गेल्या वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, नवीन मशीन जोडायला घेतलं तेव्हा यादी मी खालून वर केली. आधी वीज, मग हवा, मग बोर्ड, आणि सगळ्यात शेवटी ग्राफिक्स कार्ड. सव्वादोन लाखांच्या आत सगळं बसवायचं होतं. त्यातले पंचेचाळीस हजार एसएमपीएस, यूपीएस, कॅबिनेट आणि सीपीयू कूलर या चार गोष्टींवर गेले. सीताबर्डीतल्या दुकानदाराला ते पटलं नाही. "ताई, यातले वीस हजार कार्डात टाका, फरक डोळ्यांना दिसंल," तो म्हणाला. त्या दिवशीपुरतं त्याचं बरोबरच होतं. पण मला हे मशीन सात-आठ वर्षं चालवायचं आहे, आणि तेही नागपुरात.

नागपुरात म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. यूट्यूबवर जे टेस्टिंग आपण बघतो ते बहुतेक वेळा एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेलं असतं. आमच्या प्रतापनगरच्या घरी एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरची खोली कूलर लावूनही ३५-३६ अंशांवर असते. हवा जितक्या अंशांनी गरम, तितक्याच अंशांनी चिपही गरम. व्हिडिओत ७० दिसलं की मी मनात पंधरा मिळवते आणि मग ठरवते.

आणि तो कूलर! इथं कूलर म्हणजे पाण्याचा, जाळीत लाकडाचा कीस किंवा वाळा भरलेला. त्याच्या झोतात माणसाला बरं वाटतं, पण कॉम्प्युटरसाठी तो वाईट. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, झोताबरोबर बारीक तुषार येतात, ते सुकले की क्षार मागे उरतो. जुन्या मशीनच्या पंख्यांच्या पात्यांवर मी नखानं खरवडला तेव्हा पांढरा चुऱ्यासारखा थर निघाला होता. त्यावर धूळ बसली की ती साध्या फुंकरीनं जात नाही. त्यामुळे नवीन मशीन ठेवायची जागा पार्ट घेण्याच्या आधी ठरली: कूलरच्या झोताच्या आडव्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून दीड फूट वर.

आता विजेचं. माझे बाबा वायुदलातून ज्युनियर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. शेवटची पोस्टिंग इथलीच, मेंटेनन्स कमांडची. आयुष्यभर विमानांच्या इलेक्ट्रिकल विभागात काम केलेलं. मी त्यांना एसएमपीएसची निवड विचारली तर ते म्हणाले, "आधी तुझा बोर्ड दाखव." मला वाटलं मदरबोर्ड. त्यांना भिंतीवरचा स्विचबोर्ड म्हणायचं होतं.

जुन्या मशीनच्या कॅबिनेटला अनवाणी पायांनी उभं राहून हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. मी वर्षानुवर्षं ते मनावर घेतलं नव्हतं. बाबांनी मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३१ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थमध्ये १८२. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ४९. यातली शेवटची दोन रीडिंग माणसाच्या अंगावर यावीत अशी आहेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसायला नको. याचा अर्थ तीन पिनांच्या सॉकेटमध्ये वरचं, अर्थिंगचं भोक नुसतं भोक होतं. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग चांगलं असेल तर ती किंचित गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा मधल्या कुठल्यातरी व्होल्टेजवर तरंगत राहतो आणि आपल्या बोटांना ते कळतं. करंट अगदी थोडा, पण यूएसबी, हेडफोन, मॉनिटरची केबल, सगळ्यांना तोच पत्रा जोडलेला असतो.

मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे, १९९० च्या सुमाराला मीठ-कोळसा घालून केलेला. झाकण उघडलं तर आत माती तडकलेली, आणि तारेचा नटबोल्ट गंजून हिरवा-तांबडा झालेला. वायरमनला बोलावून मेन स्विच बंद करून क्लॅम्प नवीन बसवला, तार घासून घेतली, आणि बाबांनी स्वतः चार बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ २. सगळा खर्च अकराशे रुपये. पुढच्या सव्वादोन लाखांच्या मशीनमधली सगळ्यात उपयोगी खरेदी मी हीच मानते. मात्र हे काम वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः हात घालू नका.

एसएमपीएस घेतला ८५० वॉटचा, गोल्ड रेटिंगचा, एटीएक्स ३.१ मानकाचा, दहा वर्षांच्या वॉरंटीचा. गेम चालू असताना माझं मशीन भिंतीतून साडेचारशे वॉटच्या आसपास ओढतं. मग ८५० कशाला? बाबांचं उत्तर एका वाक्याचं होतं: "विमानात कोणतीच तार आम्ही पूर्ण लोडवर चालवत नाही." अर्ध्या लोडवर गोल्ड एसएमपीएस साधारण ९० टक्के कार्यक्षमतेनं चालतो, म्हणजे उष्णता कमी, पंखा हळू, आणि आतले कपॅसिटर थंड. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा हिशेब ढोबळमानानं असा आहे की तापमान १० अंशांनी कमी राहिलं तर आयुष्य दुप्पट होतं. ३६ अंशांच्या खोलीत हा हिशेब पुस्तकी राहत नाही. शिवाय आजची ग्राफिक्स कार्डं क्षणार्धासाठी अचानक मोठी ओढ घेतात. एटीएक्स ३ पासूनच्या मानकात तशी, अगदी सूक्ष्म काळासाठी, दुप्पट ओढ सोसण्याची अट आहे. पुढे कधी कार्ड बदललं तरी एसएमपीएस तोच राहील.

यूपीएस लाइन-इंटरॅक्टिव्ह, म्हणजे व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तर बॅटरीवर न जाताच सावरून घेणारा, आणि साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच गुळगुळीत लाट देणारा. घरातला इन्व्हर्टर जुना, चौकोनी वेव्हचा आहे. त्यावर पंखे गुरगुरतात, आणि आजकालचे चांगले एसएमपीएस अशा वेव्हवर काही वेळा सरळ बंद पडतात. लाइन गेली की यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो, तेवढा वेळ एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरनं तग धरायचा असतो. स्वस्त एसएमपीएसमध्ये काटकसर नेमकी तिथंच केलेली असते.

प्रोसेसर ठरवायला मला फार वेळ लागला नाही, कारण मी जास्त करून फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवण्याचा गेम, चालवते. अशा गेममध्ये प्रोसेसरच्या कॅशला, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीला, महत्त्व असतं. रायझन ७ ९८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे, त्याच पिढीतल्या साध्या ९७००एक्समध्ये ३२. मला त्याहून पटलेली गोष्ट दुसरी. आधीच्या ७८००एक्स३डीमध्ये ही जादा कॅश कोअर्सच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागांच्या, डोक्यावर बसवलेली होती, म्हणजे उष्णतेच्या वाटेत. ९८००एक्स३डीमध्ये ती खाली नेली, त्यामुळे कोअर्स सीपीयू कूलरच्या जवळ आले. आमच्यासारख्या गावांना हा बदल फार मोलाचा आहे.

एएम५ सॉकेटला, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेला, २०२७ पर्यंत आणि त्याच्याही पुढे साथ देण्याचं रायझन बनवणाऱ्या एएमडीनं जाहीर केलं आहे. अशा शब्दावर किती विसंबायचं? माझ्यापुरता पुरावा घरातच होता. २०१९ मध्ये जळालेल्या बोर्डाच्या जागी बी४५० मालिकेचा घेतला, २०२१ मध्ये त्याच बोर्डावर रायझन १६०० काढून नवा ५६००एक्स बसवला, नुसता बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत पहिल्या पिढीचा रायझन नाही, ५६००एक्स आहे. त्यामुळे ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा ते मशीन अडलं नाही. आता ते अमरावतीला भाच्याकडे आहे आणि रोज चालतं. म्हणून नवीन बोर्ड निवडताना बी८५० मालिकेतला मध्यम किमतीचा घेतला, पण मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे ना, हे आधी बघितलं. पुढच्या पिढीचा प्रोसेसर आणला आणि जुन्या बायोसनं तो ओळखलाच नाही, तर पेन ड्राइव्ह लावून ते बटण दाबायचं, काम होतं. रंगीत लाइट असलेला दुप्पट किमतीचा बोर्ड मला तेवढं जास्त काही देणार नव्हता.

सीपीयू कूलरमध्ये पाण्याचा एआयओ, म्हणजे पंपानं नळ्यांतून पाणी फिरवणारा तयार संच, नको, हे पक्कं होतं. त्यातला पंप कधीतरी थांबतो आणि नळ्यांमधून पाणी वर्षांगणिक थोडं थोडं उडतं. दोन टॉवरचा हवेचा कूलर म्हणजे धातूच्या पट्ट्या आणि दोन पंखे. बिघडला तर पंखाच, आणि तो हजार-दीड हजारात मिळतो. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं, पुढे १४० मिलिमीटरचे तीन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटीफटींतून धूळ शिरत नाही, ती फिल्टरवर अडते. फिल्टर चुंबकानं चिकटणारा आहे, आठवड्याला नळाखाली धुते.

रॅम ६४ जीबी, ३२ च्या दोन कांड्या, डीडीआर५ ६०००. चार कांड्या लावू नका, एएम५ वर वेग खाली आणावा लागतो. फ्लाइट सिम्युलेटर २०२४ च्या आदर्श मशीनमध्ये ६४ जीबी लिहिलेली आहे, म्हणून घेतली. तेव्हा साडेएकोणीस हजार मोजले, वर्ष संपेपर्यंत रॅमचे भाव तिपटीवर गेले. एसएसडी दोन टीबी, टीएलसी प्रकारची (मेमरीच्या एका कप्प्यात तीन बिट ठेवणारी), १२०० टीबी लिहिण्याची हमी असलेली.

कार्ड आरएक्स ९०७० एक्सटी. सोळा जीबी मेमरी हवी होती, आठची कार्डं आजच अडखळतात. आणि मी घेतलेल्या मॉडेलला जुन्या पद्धतीचे आठ पिनांचे कनेक्टर आहेत, सहाशे वॉटचा तो बारीक नवा कनेक्टर नाही. कार्डाबद्दल मला याहून जास्त सांगायचं नाही. चार-पाच वर्षांनी ते बदलेलच.

जोडायला रविवार दुपार घेतली. बाबा चष्मा लावून समोर बसले होते, स्क्रू वाटीत मोजून ठेवत होते. संध्याकाळी सहाला बटण दाबलं. पंखे फिरले, बोर्डावर डीरॅमच्या, म्हणजे रॅमच्या, नावापुढचा पिवळा दिवा लागला, आणि स्क्रीन काळी. एक मिनिट. दोन मिनिटं. माझ्या डोळ्यांपुढे २०१९ चा तो वास. मी बटणाकडे हात नेला तर बाबा म्हणाले, "काऊन घाई करून राहिली? पुस्तकात पाहा." पुस्तकात लिहिलेलं होतं: पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंगला काही मिनिटं लागतात, बंद करू नये. डीडीआर५ मध्ये बोर्ड प्रत्येक कांडीची वेळ स्वतः जुळवून घेतो, आणि ६४ जीबीला वेळ जास्त. बाबा घड्याळ बघत राहिले. चार मिनिटं चाळीस सेकंदांनी दिवा विझला आणि लोगो आला. हे माहीत नसल्यामुळे किती लोकांनी मधेच बंद करून चांगले पार्ट परत पाठवले असतील, कोण जाणे.

सिम्युलेटरमधलं पहिलं उड्डाण अर्थातच नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून. रनवे ३२ वरून उठल्यावर बाबांनी फक्त इतकंच विचारलं, "तापमान किती?"

त्यांनी कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाला आतून एक पुठ्ठ्याचं कार्ड चिकटवलं आहे, विमानाच्या सर्व्हिस कार्डासारखं. तारीख, खोलीचं तापमान, चिपचं तापमान, न्यूट्रल-अर्थ, साफसफाई. एप्रिलमध्ये बाहेर पारा ४४ च्या पुढे गेला त्या दुपारची ओळ अशी: खोली ३६, चिप ७५, न्यूट्रल-अर्थ ३. त्या आठवड्यात मी गेमच्या फ्रेम सेकंदाला साठवर बांधून ठेवल्या आणि कार्डाची वीज दहा टक्के कमी केली, खेळताना काही जाणवलं नाही. दिवाळीआधीची ओळ: खोली २७, चिप ६६, न्यूट्रल-अर्थ २, फिल्टर धुतला, पंखे बोटानं धरून ब्लोअर मारला. सगळ्यात खाली बाबांच्या अक्षरात पेन्सिलीनं पुढचं काम लिहून ठेवलंय: मार्च, खड्ड्यात पाणी.