छोटा हान्स घोड्याला का घाबरायचा?

मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. मनाकडे पाहण्याच्या वेगवेगळ्या दृष्टिकोनांचं प्रकरण आलं की मुलं तक्ता पाठ करतात: फ्रॉइड म्हणजे अबोध मन, स्किनर म्हणजे प्रबलन, रॉजर्स म्हणजे मानवतावाद. मार्क मिळतात, पण या मंडळींचा वाद नेमका कशावरून, हे विचारलं की वर्ग गप्प. म्हणून मी तक्ता बाजूला ठेवते आणि व्हिएन्नातल्या एका मुलाबद्दल सांगते.

साल १९०८. हान्स जेमतेम पाच वर्षांचा. घोडा चावेल म्हणून तो रस्त्यावर यायला तयार नाही, आणि रस्ते तर घोडागाड्यांनी भरलेले. वडील मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या वर्तुळातले. ते मुलाशी बोलायचे, टिपणं काढायचे आणि फ्रॉइडला पाठवायचे. उपचाराच्या काळात फ्रॉइड स्वतः हान्सला एकदाच भेटला. त्याचा निष्कर्ष असा की घोडा म्हणजे वडील. डोळ्यांवरची झापडं म्हणजे त्यांचा चष्मा, तोंडाभोवतीचा काळा पट्टा म्हणजे मिशी. आई आपलीच हवी असलेल्या मुलाला वडिलांची वाटणारी भीती घोड्यावर जाऊन बसली.

इथे वर्गात हमखास हसू फुटतं. पण लहान मुलाच्या भीतीला काही अर्थ असेल, ती नुसती थेरं नाहीत, हे धरून चालणं मला आजही फार मोलाचं वाटतं.

त्याच टिपणांत आणखी एक गोष्ट आहे. बस ओढणारा एक मोठा घोडा कोसळताना हान्सने पाहिलं होतं. तो मेला, असंच त्याला वाटलं. १९६० मध्ये वोल्पे आणि रॅकमन या वर्तनवाद्यांनी, म्हणजे भीतीही अनुभवातून शिकली जाते असं मानणाऱ्यांनी, यावरच बोट ठेवलं: दचकवणारा प्रसंग आणि घोडा यांची सांगड बसली, विषय संपला. पुढे १९७३ मध्ये, आई-मुलाच्या जवळिकीचा अभ्यास करणाऱ्या बोल्बीने तिसरंच काही पाहिलं. भीती सुरू होण्याआधी हान्स एकदा रडत उठला होता, आई निघून गेली असं वाटून. बोल्बीच्या मते मूळ धास्ती आई दुरावण्याची होती.

टिपणं तीच, मुलगा तोच. कोण कुठल्या ओळीखाली रेघ मारतो, तिथे दृष्टिकोन कळतो.

भीतीचा अभ्यास करणाऱ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स. तिने भीतीच्या मुळाशी जाण्यापेक्षा ती घालवायची कशी ते पाहिलं. १९२४ मध्ये तिने पीटर नावाच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. तीन वर्षांच्या आतबाहेरचा हा मुलगा सशाला घाबरायचा. न घाबरणारी मुलं सोबत खेळायला ठेवल्यावर तो सावरत होता. मध्येच स्कार्लेट फीव्हर झाला आणि हॉस्पिटलमधून निघताना मोठा कुत्रा अंगावर आला. सगळं मुसळ केरात. मग जोन्सने त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ दिला आणि ससा पिंजऱ्यात, लांब ठेवला. रडू येणार नाही इतकाच तो हळूहळू पुढे आणायचा, घाई नाही. शेवटी सशाने बोटं कुरतडली तरी पीटर शांत राहिला. आज भीतीवर केल्या जाणाऱ्या वर्तनोपचारांची ही सुरुवातीची पायरी.

बोधात्मक आणि जैविक दृष्टिकोन मी नंतर घेते. बोधात्मक म्हणजे विचारांवर भर देणारा; त्यातल्या बेकचा प्रश्न असता, 'घोडा दिसला की तुझ्या मनात काय येतं?' मेंदूचा अभ्यास करणारे अमिग्डाला या भीतीशी निगडित भागाकडे बोट दाखवतील. तोवर मुलांना वाद कशाचा ते कळलेलं असतं, त्यामुळे हे पटकन होतं.

यंदा मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मॅडम, आईला कुणी विचारलं का?" उपचाराची टिपणं वडिलांची होती. आई स्वतः पूर्वी फ्रॉइडची रुग्ण होती, तरी तिची बाजू तिच्या तोंडून आपल्याला जवळजवळ मिळतच नाही. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून उपचार करण्याची पद्धत १९५० च्या दशकात रुजू लागली. ती आमच्या अभ्यासक्रमात नाही, तरी पुढच्या तासाला मी तीच घेणार आहे.