एनो नदीकाठी वाचलेले एक वाक्य

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅले शहरातून मोटारीने पाऊण तासावर हिल्सबरो हे गाव आहे आणि गावाला लागूनच एनो नदी वाहते. गेल्या रविवारी तिच्या काठावर बसून जॉन लॉसनच्या प्रवासवर्णनातले एक वाक्य मी तीनदा वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले.

हा इंग्रज 1700 सालच्या डिसेंबरअखेरीस चार्ल्सटनहून निघाला आणि स्थानिक वाटाड्यांच्या भरवशावर जवळजवळ दोन महिने कॅरोलायना या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीच्या अंतर्भागात हिंडला. तिथली झाडे, पक्षी, पिल्लांना पोटाच्या पिशवीत वागवणारा पोसम, हे सारे त्याने 1709 साली लंडनमध्ये छापलेल्या ग्रंथात नोंदवले. त्यातले पोपट तर आता जगात कुठेच उरलेले नाहीत.

हिल्सबरोच्या परिसरात तेव्हा ऑकनीची या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांची वस्ती होती. लॉसन पोहोचताच त्यांनी त्याच्यापुढे अस्वलाचे आणि हरणाचे मांस ठेवले. त्यांच्या झोपड्यांत सुकवलेले मांस भिंतीवरच्या पडद्यांसारखे टांगलेले होते. एकूणच तिथल्या मूळ रहिवाशांविषयी तो पुढे लिहितो की, आम्ही यांच्याशी वागतो त्याहून हे आमच्याशी चांगले वागतात. हे आम्हाला जेवू घालतात आणि आम्ही यांना आमच्या दारावरून उपाशी जाऊ देतो.

माझी आजी उन्हातून आलेल्या पोस्टमनला ताक दिल्याशिवाय जाऊ देत नसे, आणि हा घरचा वारसा मी इथेही जपला आहे असे मी मानत आले. पण गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी आमचे गवत कापायला आलेल्या माणसाला मी साधे पाणीही विचारले नव्हते. इथे कामावर येणारा आपले पाणी आपल्यासोबत आणतो, न मागता काही देणे आगाऊपणाचे वाटू शकते, आणि मी तेव्हा मीटिंगमध्ये होते, ही कारणे खोटी नाहीत.

ज्याने हे लिहिले तोच पुढे वसाहतीचा मुख्य भूमापक झाला आणि त्याच लोकांची जमीन गोऱ्यांना मोजून देत राहिला. सप्टेंबर 1711 मध्ये न्यूस नदीतून वर जात असताना टस्करोरा या तिथल्याच दुसऱ्या जमातीच्या लोकांनी त्याला पकडले आणि ठार केले. तरीही स्वतःच्या लोकांचा दोष त्याने स्वतःच्या नावानिशी छापला, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

आमच्या खरेदीखतालाही मोजणीचा नकाशा जोडलेला आहे. परतल्यावर मी तो कपाटातून काढून पाहिला. त्यावर चारही बाजूंची लांबी फुटांत लिहिलेली आहे आणि प्रत्येक कोपऱ्यात जमिनीत ठोकलेली लोखंडी खुंटी दाखवलेली आहे.