ट्रॅव्हल ट्रेलरसाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच घेताना : माझा अनुभव

आम्ही मिशिगनमधे, डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो. उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून येतात, आणि मोटेलमधे राहायचं म्हटलं की आईचा पोळीभाजीचा प्रश्न, बाबांचा बाथरूमचा प्रश्न, म्हणून शेवटी २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीने ओढायचं चाकांवरचं घर, घेतला. ओढायला फोर्डचा एफ-१५० पिकअप ट्रक दारात होताच. ट्रेलर पसंत पडायला एक दुपार पुरली, ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या हिचने मात्र डोकं खाल्लं.

डीलर म्हणाला काळजी नको, १२००/१२००० ची (जोडावर १२०० पौंड भार आणि १२००० पौंडांचा ट्रेलर पेलणारी) हिच लावून देतो, मोठी आहे, कशालाही चालेल. किती टंग वेट (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जोडावर पडणारा भार) धरलंत विचारलं तर ब्रोशरवरचा आकडा वाचून दाखवला, ६१० पौंड. आता हा आकडा कोरड्या ट्रेलरचा असतो, फॅक्टरीतून निघाला तसा. बॅटरी, पुढचे दोन प्रोपेनचे सिलिंडर भरलेले, पलंगाखालचं सामान, भांडी, तांदूळ, कणीक, आणि पाणी भरलं तर दर गॅलनला ८.३४ पौंड, यातलं काहीच त्यात धरलेलं नसतं (पाण्याची टाकी कुठे आहे यावर ते वजन पुढे येतं की मागे जातं तेही ठरतं). म्हणून मी ब्रोशर बाजूला ठेवलं आणि ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन धरलं, आमच्याकडे ते ७००० पौंड आहे. त्याचे साधारण १३ टक्के म्हणजे ९१० पौंड. टंग वेट ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत पाहिजे, कमी पडलं तर ट्रेलर मागे शेपूट हलवायला लागतो, यालाच स्वे म्हणतात. हे बाबांना समजवायला काही लागलंच नाही, बैलगाडीत ऊस मागे जास्त लादला की गाडी उलाळते हे त्यांनी लहानपणापासून बघितलंय, ते लगेच म्हणाले मग जड सामान चाकाच्या पुढे टाक की, त्यात काय एवढं.

पण हिचचं काम वेगळं आहे. ट्रकच्या मागच्या चाकांच्याही बरंच मागे हिचच्या बॉलवर (ज्या गोळ्यावर ट्रेलर टेकतो) आठ-नऊशे पौंड बसले की ट्रकचं बूड खाली जातं, पुढचं नाक वर येतं, पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं, स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेकची पकड कमी होते आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यात हेडलाइट जातो. वेट डिस्ट्रिब्युशनचे दोन स्प्रिंग बार ताणून बसवले की त्या ताणामुळे ते वजन थोडं पुढच्या ॲक्सलवर आणि थोडं ट्रेलरच्या ॲक्सलवर ढकललं जातं. ट्रकची ताकद काही वाढत नाही. पेलोड, म्हणजे ट्रकवर घालता येणारं एकूण वजन (टंग वेटही त्यातच), स्टिकरवर आहे तेवढाच राहतो. हे ठळक लिहितोय कारण आमच्या ओळखीत दोघातिघांचा पक्का समज आहे की हिच घेतली म्हणजे ट्रक जास्त वजन उचलतो.

ते स्टिकर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतं, माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको असं लिहिलेलं. आमच्या ट्रकवर १५८०. माझ्या मते सगळी खरेदी इथून सुरू व्हायला पाहिजे, पण जाहिरातीत टोइंगचा मोठा आकडा दाखवतात आणि लोक त्याच्यावरच जातात. आमच्यासारख्या ‘अर्ध्या टनाचा’ म्हणतात त्या वर्गातल्या (हे नुसतं नाव) ट्रकचा पेलोडच आधी संपतो. दुसरं लेबल खाली रिसीव्हरवर (ट्रकच्या मागची चौकोनी खाच, जिच्यात हिच बसते) बघा, त्यावर दोन आकडे असतात, साध्या बॉलवर किती आणि वेट डिस्ट्रिब्युशन लावून किती.

मग बार किती पौंडांचे घ्यायचे? टंग वेट ९१०, वर ट्रकच्या हौद्यात मागच्या ॲक्सलच्या मागे जे सामान ठेवाल तेही धरायचं, आमचं तिथे फारसं नसतं. १०००/१०००० बरोबर बसत होतं. १२०० का नको? बार गरजेपेक्षा कडक असले की ते नीट वाकत नाहीत, रस्त्यावरचा प्रत्येक धक्का ट्रक आणि ट्रेलरच्या फ्रेमला जातो. मोठं घेतलं की चांगलंच, हा हिशोब इथे चालत नाही.

कुठली घ्यायची यात बरेच दिवस गेले. साधे गोल बार आणि साखळ्या, वर स्वे रोखायला वेगळा फ्रिक्शन बार, हे सगळ्यात स्वस्त, पण ट्रेलर रिव्हर्स घ्यायच्या आधी तो फ्रिक्शन बार काढायला उतरायचं, आणि कॅम्पग्राउंडमधे अंधारात पावसात पोचल्यावर हे कोण करणार. अँडरसनची हलकी, आवाज न करणारी, त्यात बारऐवजी साखळ्या आणि युरेथेनचे बुश असतात, बायकोला तीच आवडली कारण उचलता येते, पण आमच्या टंग वेटला ती पुढच्या ॲक्सलवर पुरेसं वजन परत देईल असं मला वाटेना. ब्लू ऑक्सची स्वेप्रो जवळजवळ घेतलीच होती, पण तिचे ब्रॅकेट जिथे यायला हवे होते तिथे आमच्या सिलिंडरचा ट्रे आडवा. हेन्सली आणि प्रोप्राइड या वेगळ्याच जातीच्या, त्यांच्या जोडणीमुळे ट्रेलरचा वळायचा बिंदू जणू ट्रकच्या मागच्या ॲक्सलजवळ सरकतो आणि स्वे सुरूच होत नाही, पण किंमत ऐकून घरात पुढे विषय निघाला नाही. शेवटी इक्वलायझर, दोन्ही बाजूंना एल आकाराच्या ब्रॅकेटवर बार घासतात त्यातच स्वे कंट्रोल होतो, रिव्हर्सला काही काढावं लागत नाही. वळताना करकर आवाज करते. पार्किंगमधे लोक वळून बघतात, बघू देत.

बसवली घरीच. बॉलचा नट आवळायला चारशे फूट-पौंडांच्या वर टॉर्क लागतो, तेवढा रेंच माझ्याकडे नाही, ते एका ट्रकवाल्या मेकॅनिककडून करून घेतलं. बाकी सगळं टेपचं काम आहे. ट्रक मोकळा असताना पुढच्या फेंडरची जमिनीपासून उंची घ्या, मग ट्रेलर जोडून बार न लावता, मग बार लावून. बाबा टेप घेऊन वाकलेले आणि आई खुर्चीवर बसून आकडे लिहून घेतेय. ३८ इंच, ३९, आणि बार लावल्यावर साडेअडतीस. वाढलेल्या उंचीतली किती परत आणायची ते ट्रकच्या मॅन्युअलमधे असतं आणि ते गाडीगणिक वेगळं आहे, पूर्ण आणायचा हट्ट नको, मागची चाकं फार हलकी झाली तर वळणावर ट्रक मागून घसरू शकतो. आणि बार लावताना जोर करू नका, कपलर (ट्रेलरचा बॉलवर बसणारा भाग) लॉक करून जॅकने ट्रेलरची जीभ, म्हणजे पुढचा दांडा, आणि ट्रकचं बूड दोन्ही वर उचला, बार हाताने सरकतो.

टेपवर माझा पूर्ण भरवसा नसतो, म्हणून सामान आणि माणसं भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्या तोलायचा काटा) गेलो. तीन वजनं करायची. नुसता ट्रक : पुढे ३२४०, मागे २७८०. ट्रेलर जोडून, बार न लावता : पुढे २९००, मागे ३९६०, ट्रेलरचा ॲक्सल ५७२०. बार लावून : ३१००, ३६६० आणि ५८२०. पहिल्या दोन वजनांतला ट्रकचा फरक काढला की टंग वेट मिळतं, आमचं ८४० निघालं, म्हणजे ब्रोशरपेक्षा २३० जास्त आणि ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १३ टक्के. पुढच्या ॲक्सलचे ३४० पौंड गेले होते त्यातले २०० परत आले. ट्रकचं एकूण वजन ६७६०, मर्यादा ७०५०. बाबांनी पावती नीट घडी करून खिशात ठेवली.

पहिली लांबची फेरी मॅकिनॉ ब्रिज ओलांडून वर टाक्वामेननच्या धबधब्याला. पाच मैल लांब पूल, ४५ ची मर्यादा, आणि वारा ताशी ३५ मैलांच्या वर गेला की ट्रेलरवाल्यांना एस्कॉर्टशिवाय सोडत नाहीत. आम्हाला वारा मध्यम लागला, स्टिअरिंग शांत होतं. हायवेवर मोठे सेमी ट्रक बाजूने गेले की हलका ढकला जाणवतो, तेवढंच. तरी मी ६२-६३ च्या वर जात नाही, आणि कधी स्वे सुरू झालाच तर ट्रकचा ब्रेक न दाबता ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं ट्रकमधलं यंत्र) पट्टी हाताने सरकवून फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा, हे बायकोलाही मोकळ्या पार्किंगमधे करून दाखवलंय.

एसयूव्हीने ओढणार असाल तर हिच बघायच्या आधी गाडीचं मॅन्युअल उघडा, काही गाड्यांत वेट डिस्ट्रिब्युशन वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं.