कंदीलवाल्या नावाचं पार्किंग बंद, लँडर (विक्रीचं पान) नव्याने

माझं कंदीलवालं डोमेन नाव पार्किंगवर होतं, म्हणजे न वापरलेल्या नावावर जाहिरातींचं पान लावून क्लिकचे पैसे घ्यायचे. गेल्या नोंदीत त्याचे कीवर्ड लॉक केल्याचं, म्हणजे पानावर कुठल्या विषयाच्या जाहिराती याव्यात ते पक्कं केल्याचं, लिहिलं होतं. पार्किंग कंपनीने तो लॉक गुपचूप काढून टाकलाय, आणि ही अख्खी नोंद त्यापायीच लिहावी लागतेय.

नाव एका शब्दाचं, शब्दकोशातलं, अर्थ सरळ ‘कंदील’. एक्स्पायर्ड ऑक्शनमध्ये, म्हणजे आधीच्या धारकाने नूतनीकरण न केलेल्या नावांच्या लिलावात, घेतलेलं. त्याच शब्दाचा ट्रेडमार्क हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीकडे आहे, हे घेण्याआधीच पाहिलं होतं. शब्द सगळ्यांचा आहे, दिवेवाला घेऊ शकतो, तंबू विकणारा घेऊ शकतो, तेव्हा ठेवायला हरकत नाही. फक्त जाहिरातीत हिशेबाचा वाससुद्धा येता कामा नये, एवढीच अट होती.

माझ्या ब्राउझरमध्ये पान अगदी स्वच्छ दिसतं: कॅम्पिंगचे दिवे, सौर कंदील, बागेतली रोषणाई. व्हीपीएन लावून दुसऱ्या देशातून तेच पान उघडलं, तर पहिली लिंक ‘इन्व्हॉइस सॉफ्टवेअर’, दुसरी ‘छोट्या व्यवसायाचा हिशेब’, आणि तिसरीवर क्लिक केलं की त्या कंपनीच्या थेट प्रतिस्पर्ध्याची जाहिरात. आणि या सगळ्याच्या वर ठळक पट्टी: ‘हे डोमेन विक्रीस आहे’. युडीआरपीच्या (डोमेन नावांवरचे ट्रेडमार्कचे वाद सोडवण्याच्या धोरणाच्या) तक्रारीला याहून चांगला स्क्रीनशॉट मिळायचा नाही.

नाव विकायला काढणं हा गुन्हा नाही, साध्या शब्दावर तर नाहीच. अशा तक्रारीचा निवाडा करणारं पॅनेल तीन गोष्टी पाहतं: नाव ट्रेडमार्कशी जुळतं का, धारकाचा त्यावर काही रास्त हक्क आहे का, आणि नोंदणी व वापर दोन्ही वाईट हेतूने झालेत का. साध्या शब्दाचा आपला बचाव दुसऱ्या मुद्द्यावर उभा असतो, म्हणजे आपण शब्दाच्या अर्थासाठी नाव धरलंय यावर. पानावर हिशेबाच्या जाहिराती आल्या की तो बचाव गेला, आणि तिसरा मुद्दा आपणच भरून दिला. ‘जाहिराती मी लावल्या नाहीत, यंत्राने आपोआप लावल्या’ हे उत्तर सहसा चालत नाही. पानावर जे दिसतं त्याची जबाबदारी नाव ज्याच्याकडे त्याची, असंच पॅनेलं धरत आली आहेत. मला ते पटतं. भाडं खायचं तर फळ्यावर काय लिहिलंय ते बघायलाच हवं.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं की लॉक ‘प्राधान्य’ म्हणून धरला जातो, ऑप्टिमायझेशन चालू असेल तर ज्या विषयाला जास्त क्लिक मिळतात तो वर येतो. ऑप्टिमायझेशन बंद करायचं बटण? आमच्या पातळीच्या खात्याला नाही. याला मी लॉक म्हणणार नाही. ज्यांच्याकडे ट्रेडमार्कला घासून जाणारं एकही नाव असेल त्यांनी आपापली पानं आजच दोन-तीन देशांतून, इन्कॉग्निटोमध्ये उघडून पाहावीत.

तर नेमसर्व्हर (नाव टाइप केल्यावर कुठे न्यायचं ते सांगणारे सर्व्हर) पार्किंगवरून काढले. आधी बेत होता डोमेन विकणाऱ्या मार्केटप्लेसच्या तयार लँडरवर टाकायचा. तो सेट करताना दिसलं की वर्गवारी आपोआप ‘फायनान्स’ निवडली गेलीय आणि खाली मशीनने काढलेली अंदाजे किंमत झळकतेय. वर्गवारी बदलता आली, किंमत काढता येईना. ग्राहकाला असा आकडा दाखवणं मला अप्रामाणिक वाटतं. माझी मागणी ती माझी मागणी, तिला कुठल्याशा अल्गोरिदमचा शिक्का कशाला? शेवटी स्वतःचंच एक पान बनवलं. नाव, एक ठरलेली किंमत, एस्क्रोने (पैसे मध्यस्थाकडे ठेवून) व्यवहार, संपर्काचा फॉर्म. ना काउंटडाउन, ना ‘आणखी एक ग्राहक विचारतोय’. पान क्षणात उघडतं आणि कुठल्याही देशातून सारखंच दिसतं. हे पाहून जो आनंद झाला तो इथल्या लोकांनाच कळेल.

मजकुरात एक ओळ बराच वेळ छळत होती: ‘जुनं, नावाजलेलं डोमेन’. ऑक्शनमधून आल्यामुळे मूळ नोंदणीची तारीख तशीच राहिलीय, ड्रॉप होऊन, म्हणजे जुनी नोंदणी पूर्ण रद्द झाल्यावर, पकडलं असतं तर ती नवी झाली असती. म्हणजे वय खोटं नाही. पण पॅनेलपुढे माझा हेतू मोजतात तो मी नाव घेतलं त्या दिवसापासून, आणि घेणाऱ्याचाही मोजतील तो त्याने घेतलेल्या दिवसापासून. जुन्या तारखेच्या भरवशावर कुणी ट्रेडमार्कवाल्याच्या वाटेला गेला तर ती ओळ त्याला फसवेल. ओळ काढली. त्या जागी लिहिलं की नाव अलीकडेच रजिस्ट्रार (नावं नोंदवणारी कंपनी) बदलून आलंय, त्यामुळे सहसा ६० दिवस दुसरीकडे हलवता येत नाही, मात्र त्याच रजिस्ट्रारमध्ये खातं बदलून लगेच देता येईल. पैसे भरल्यावर हे कळलं की ग्राहक चिडतो, आणि बरोबरच आहे.

आउटबाउंडबद्दल, म्हणजे संभाव्य ग्राहकांना आपणहून लिहून नाव विकण्याबद्दल, तुम्ही विचारलं होतंत. या नावासाठी हिशेबवाल्या कंपनीला मी मेल करणार नाही. युडीआरपीचं धोरण १९९९चं, त्याखालचा पहिलाच निकाल जानेवारी २०००मध्ये लागला, वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या नावाच्या डॉट कॉमवर. घेणाऱ्याने नोंदणीनंतर तीनच दिवसांत ते फेडरेशनलाच विकायला काढलं होतं, आणि नाव गेलं. मार्कवाल्याकडून खर्चाहून जास्त पैसे काढण्यासाठीच घेतलेलं नाव हे धोरणात वाईट हेतूचं पहिलं उदाहरण आहे. माझा हेतू तो नाही, मग तसा दिसणारा मेल तरी का पाठवायचा? दिवे बनवणाऱ्या मोजक्या लोकांना मात्र लिहीन: एकेकाला वेगळं, खऱ्या नावाने, पानावरचीच किंमत सांगून, आणि नको म्हणाले की पुन्हा नाही.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. विक्रीची पाटी थेट डीएनएसमध्ये (नाव आणि सर्व्हर जोडणाऱ्या यंत्रणेत) लावायची कल्पना आयईटीएफपुढे (इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेपुढे) मांडली गेलीय: अंडरस्कोर लावलेल्या ‘फॉर-सेल’ या उपनावावर एक टीएक्सटी रेकॉर्ड (डीएनएसमधली साध्या मजकुराची नोंद), त्यात आवृत्तीचा टॅग आणि पुढे मजकूर, दुवा किंवा किंमत. जाहिरातींचा प्रश्नच नाही. पार्किंगच्या नेमसर्व्हरवर असताना हे करताच आलं नसतं. आता डीएनएस माझ्या हातात आहे. ज्या नावांवर माझी चालू साइट आहे तीही याने विक्रीस ठेवता येतील, साइटला हात न लावता. म्हणून उरलेला पोर्टफोलिओ मार्केटप्लेसच्या लँडरवर हलवायचा बेत तूर्त थांबवलाय. आधी पाच-सहा नावांवर हा रेकॉर्ड लावतो. किंमत रेकॉर्डमध्ये, पानावर आणि मार्केटप्लेसवर तिन्हीकडे एकच राहायला हवी, नाहीतर स्वस्तातली दाखवून ग्राहक भांडेल आणि त्याच किमतीला नाव द्यावंच लागेल. ती जुळवणारी छोटी स्क्रिप्ट निम्मी झालीय. चालली की इथे टाकतो.