आबाई गावचे राळे

९ नोव्हेंबर, सोल

आज प्योंगयांग नेंगम्यॉन खाल्लं आणि फसले. नेंग म्हणजे गार, म्यॉन म्हणजे शेवया. बाहेर थंडीनं नाक गळतंय आणि पुढ्यात बर्फासारख्या गार पाण्यातल्या शेवया. पण हा पदार्थ मुळात हिवाळ्याचाच आहे म्हणे. घराची जमीन खालून तापवलेली असायची, त्यावर बसून गार वाटी तोंडाला लावायची. शेवया कुट्टूच्या, करड्या, दातांखाली पटकन तुटणाऱ्या. रस्सा गोमांसाचा, पण इतका नितळ की वाटीचा तळ दिसावा. (आईपर्यंत हे पान पोचणार नाही याची व्यवस्था करायला हवी.)

एप्रिल २०१८ मध्ये सीमेवरच्या पानमुनजॉमला दोन्ही कोरियांचे नेते भेटले, तेव्हा किम जोंग उन यांनी प्योंगयांगच्या ओक्र्यूग्वान या प्रसिद्ध खाणावळीच्या याच शेवया पाहुण्यांसाठी मागवल्या होत्या. बातमी आली आणि इकडे सोलमधल्या दुकानांपुढे रांगा लागल्या. २०२२ साली युनेस्कोच्या वारसायादीतही त्यांचं नाव गेलं. एवढं सगळं वाचून गेलेली मी, पहिल्या घोटाला एवढंच वाटलं की मीठ घालायचं राहिलंय. मग व्हिनेगर ओतलं, मोहरीही घातली. शेजारच्या टेबलावरचे आजोबा असे बघायला लागले, जणू मी सोलकढीत टोमॅटो सॉस पिळला होता.

या चवीला इथे ‘सुमसुम’ म्हणतात. अळणी म्हणायचं, पण कौतुकानं.

१२ नोव्हेंबर, सोकचो, रात्र

आज पाचशे वॉन देऊन हमाली केली. गावात जायला एक चपटी होडी आहे, गेतबे. इंजिन नाही. खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पोलादी दोर ताणलाय. तो लोखंडी आकड्यानं पकडायचा आणि ओढत मागं मागं चालायचं, की होडी पुढं सरकते. होडीवाल्या काकांनी आकडा माझ्या हातात दिला आणि स्वतः समुद्राकडे बघत उभे राहिले. दोन मिनिटांत पलीकडे, पण खांदे अजून बोलतायत.

पलीकडचं ते आबाई गाव. उत्तर कोरियातल्या हामग्यॉंग प्रांताच्या बोलीत वयस्क पुरुषाला आबाई म्हणतात. आपल्या ‘आबा’शी काही नातं नसणार, पण मी दिवसभर मनात ‘आबांचं गाव’च म्हणत होते. कोरियन युद्धात, १९५०-५१ च्या हिवाळ्यात, हामग्यॉंगची माणसं माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर दक्षिणेला आली. युद्धाआधी सोकचोसुद्धा उत्तरेकडेच होतं, कारण ते ३८व्या अक्षांशाच्या वर आहे. १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर दक्षिणेत आलं. महिन्या-दोन महिन्यांत परत जायचंय, तर लांब कशाला जा, म्हणून ही मंडळी घराच्या जवळात जवळ, या वाळूच्या पट्ट्यावर झोपड्या टाकून राहिली. आता त्यांची नातवंडं खाणावळी चालवतात. मी कल्याणची. उल्हासनगरच्या कॅम्पांची नावं ऐकत वाढले, त्यामुळे ‘थोडे दिवस’ म्हणजे किती, याचा अंदाज आहे.

चार टेबलांची खाणावळ निवडली. वाढणाऱ्या बाईंना इथे ‘इमो’ म्हणायचं, म्हणजे चक्क मावशी. खाणावळीतली मावशी जगभर एकच असावी, बसायच्या आत पाण्याचा तांब्या आपटणारी.

आधी हामग्यॉंगमधल्या हामहुंग शहराचं नेंगम्यॉन. हे प्योंगयांगच्या अगदी उलट. शेवया पिष्टाच्या (स्टार्चच्या), रबरासारख्या चिवट, वर लाल मसाल्यात मुरवलेला कच्चा मासा. एक टोक घशात, दुसरं ताटात, आणि मध्ये मी! इमोंनी येऊन मुकाट्यानं कात्रीनं कापल्या. त्या कात्रीचं मला फार बरं वाटलं. मग ओजिंगॉ सुन्दे. म्हणजे भरलेलं माकूल, भात-भाज्यांचं सारण भरून, चकत्या करून, अंड्यात बुडवून तळलेलं. कोकणी माणूस तिथेच बसकण मारील असं. डुकराच्या आतड्यात रक्त आणि चिकट तांदूळ भरलेलं आबाई सुन्दे एक तुकडा खाल्लं. आमच्याकडे रक्ती आवडीनं खाणारे आहेत, मी त्यातली नाही.

पण आजचा दिवस खरा जिंकला तो बाजूच्या बशीतल्या लाल चिखलानं. काजामी शिखे. आपल्या लेपीसारखा चपटा मासा खारवून, किंचित वाळवून, काट्यांसकट चिरायचा आणि तिखट, लसूण, मुळा घालून आंबवायचा. काटे मऊ होऊन कुरकुरतात. आणि त्या लाल रंगात बारीक पिवळे दाणे. चिमटीत धरून पाहिले तर राळे! भोगीला आजी राळ्याचा भात करायची, तेच. हामग्यॉंग डोंगराळ आणि थंड, भात फारसा पिकत नाही, म्हणून मासा आंबवायलाही राळे. इतक्या लांब, आंबट-तिखट लेपीच्या अंगाला चिकटून आजीचे राळे भेटले, आणि मी भाताची दुसरी वाटी मागितली.

फोनवरच्या अनुवादकातून इमोंशी गप्पा मारल्या. शेवया मूळच्या बटाट्याच्या, इथे रताळ्याच्या. वरचा मासा तिकडे काजामी, तोच चपटा मासा, असायचा, इथे म्यॉंगते, म्हणजे पोलॉक. तो म्यॉंगतेही आता इथल्या समुद्रात राहिला नाही, २०१९ पासून पकडायला बंदी आहे, येतो रशियाहून. आणि ज्यासाठी लोक बसा भरून येतात ते माकूल? ‘ते आमचं नाहीच,’ असं इमोंच्या सासूबाई म्हणायच्या. युद्धानंतर आतडी मिळेनात, माकूल मात्र ढीगभर, म्हणून ते भरलं, अशी गावातली गोष्ट. हामहुंगच्या सासूबाईंनी ते शेवटपर्यंत तोंडाला लावलं नाही.

‘आणि तुम्ही?’ मी विचारलं.

इमो हसल्या. त्या मुळात चॉल्ला प्रांताच्या, पार नैर्ऋत्येकडच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. शिखे सासूबाईंकडूनच शिकल्या. लसूण तेवढा जास्त घालतात. सासूबाई असेपर्यंत, त्या फिरायला बाहेर पडल्या की इमो घालायच्या, आता उघड घालतात.

निघताना एक बरणी विकत घेतली. ‘झाकण घट्ट लावू नकोस, फुगेल,’ असं इमोंनी हातवाऱ्यांनी दोनदा सांगितलं. खोलीत फ्रिज नाही, म्हणून बरणी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर थंडीत ठेवलीय. आत्ता उठून झाकण जरा सैल केलं. फुस्स आवाज आला, आणि सगळ्या खोलीला लसणाचा वास.