तुम्ही विचारलंत म्हणून: किंडल की कोबो?

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, मुलांना पोहायला सोडून बाहेर बाकावर बसलेलं असताना, ई-रीडरबद्दलचा, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राबद्दलचा, प्रश्न तोच येतो. "ताई, किंडल घेऊ की कोबो?" आणि माझ्या पर्समधून दोन्ही निघताना कुणी पाहिलं असेल, तर लगेच पुढचा: "तुम्ही दोन-दोन का बाळगता?" दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते. समोरच्याचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. म्हणून आज एकदाचं सगळं लिहून काढते.

आधी माझ्याच एका जुन्या मेसेजबद्दल. २०२१ मध्ये मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "कॅनडात राहता ना? मग डोळे मिटून कोबो घ्या. दोन यंत्रं हवीत कशाला?" तो मेसेज अजून फिरतो. गेल्या महिन्यात तो मलाच कुणीतरी पाठवला, सल्ला म्हणून. त्यातल्या अर्ध्या भागावर मी आजही ठाम आहे. उरलेला अर्धा मागे घेता आला असता तर फार बरं झालं असतं.

ठाम आहे तो भाग लायब्ररीचा. न्यू जर्सीची वहिनी किंडलवर लायब्ररीची पुस्तकं वाचते, म्हणून इथले लोक किंडल घेतात आणि मग मला फोन करतात. वहिनीचं बरोबर आहे. अमेरिकेत २०११ पासून ओव्हरड्राइव्ह या लायब्ररीची ई-पुस्तकं उसनी देणाऱ्या सेवेची, म्हणजे आजच्या लिबी ॲपमधली, पुस्तकं किंडलवर पाठवता येतात. पण ही सोय फक्त अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांसाठी आहे. कॅनडातल्या मिसिसागाच्या कार्डावर ती चालत नाही, लंडनमधल्या कार्डावरही नाही. कोबोत मात्र ओव्हरड्राइव्ह आतच बसवलेलं असतं, २०१६ च्या ऑरा वन या मॉडेलपासून. कार्डाचा नंबर एकदा टाकला की यंत्रावरच पुस्तक शोधायचं, उसनं घ्यायचं, एकवीस दिवस वाचायचं. मुदत संपली की ते आपोआप परत जातं. ना दंड, ना बर्फातून गाडी काढून जाणं. मी वर्षाला तीसेक इंग्रजी पुस्तकं अशी वाचते आणि त्यांचा एक पैसा भरत नाही.

"पण रांग केवढी असते!" हेही मला ऐकवलं जातं, जणू रांग मीच लावली. पुस्तक डिजिटल असलं तरी बहुतेक मोठ्या प्रकाशकांची प्रत एका वेळी एकालाच देता येते. शिवाय लायब्ररी ती कायमची विकत घेत नाही, तिला परवाना मिळतो. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये २६ वेळा दिलं की परवाना संपेल असा नियम केला. मॅकमिलनने २०१९ च्या नोव्हेंबरात नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका लायब्ररी-यंत्रणेला एकच प्रत द्यायची असं ठरवलं, त्याला मोठा विरोध झाला, आणि २०२० च्या मार्चमध्ये त्यांनी ते मागे घेतलं. रांग यंत्राने लावलेली नसते. यंत्र बदलून ती कमी होत नाही.

तर लायब्ररीसाठी, कॅनडात, कोबो. इथवर २०२१ ची मी बरोबर होते. ती चुकली ती "दोन यंत्रं हवीत कशाला" या वाक्यात. ते लिहिताना तिच्या डोक्यात वाचन म्हणजे इंग्रजी वाचन होतं. मराठीचं काय, हे तिने स्वतःला विचारलंच नव्हतं.

आता जे मी आजवर फक्त घरच्यांना सांगितलं आहे ते सांगते.

२०२२ च्या सप्टेंबरात साताऱ्यात आईला पक्षाघाताचा हलका झटका आला. उजवा हात काही दिवस जड राहिला, बोलणं शाबूत होतं. आईने एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "कधी कधी अशा पेशंटला लिहिता येतं पण वाचायला अक्षरं लागत नाहीत. लक्ष असू द्या." ते हे आईसमोरच बोलले होते.

मी सुट्टी काढून गेले. वाचनालयाच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या, आणि तिथल्या पुस्तकांचा टाइप बारीक. म्हणून जाताना एक ई-रीडर नेला होता. मैत्रीण कपाट रिकामं करत होती, तिच्याकडचा जुना. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण चूक माझी होती. त्यात मी अकरा मराठी पुस्तकं भरली. बहुतेक मराठी विकिस्रोत या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावरून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइली, करून घेतलेली, कॉपीराइट संपलेली, तिच्या आवडीची. फाइली चांगल्या होत्या, माझ्या लॅपटॉपवर लख्ख दिसत होत्या. यंत्रावर मुखपृष्ठंही दिसली, पण मुखपृष्ठ हे चित्र असतं. अक्षर मोठं कसं करायचं ते मी तिला दाखवलं. कशावर दाखवलं? यंत्रासोबत येणाऱ्या इंग्रजी माहितीपुस्तिकेवर, कारण तीच आधी उघडली. मग "झोपाळ्यावर बसून वाच निवांत" म्हणून मी बँकेच्या कामाला निघून गेले.

आठ दिवस मी रोज विचारत होते, "वाचतेस ना?" ती म्हणायची, "वाचते की." यंत्र उशीखाली असायचं. पेपर मात्र घडी न मोडता तसाच पडून. "बारीक असतो गं," एवढंच. मला वाटलं, दमली असेल.

नवव्या दिवशी दुपारी तिने यंत्र माझ्या हातात दिलं. "जरा तूच वाचून दाखव. डोळे चुरचुरतात." मी वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीत अडखळले. शब्द होता ‘स्थिती’. स पाय मोडून एकटा उभा, त्याच्या शेजारी अख्खा थ, आणि जी पहिली वेलांटी जोडाक्षराच्या आधी यायला हवी ती थ च्या मागे लटकलेली. खालच्या ओळीत ‘धर्म’चा रफार डोक्यावर चढलाच नव्हता, पाय मोडका र मधेच पडला होता. अख्खं पान तसंच.

"आई, हे काय झालंय?"

"काय झालंय?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"वेलांट्या भलतीकडे गेल्यात. सगळी जोडाक्षरं फुटलीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला दिसतं तसंच तुला दिसतंय?"

मला समजायला थोडा वेळ लागला. आठ दिवस ती रोज ते पान उघडत होती, आणि रोज तिची खात्री होत होती की डॉक्टर म्हणाले ते आपल्याला झालं. आपलं वाचणं गेलं. पेपर ती उघडत नव्हती, कारण तिथेही अक्षरं तुटलेली दिसली असती तर मग शंकेला जागाच उरली नसती. नंतर गादीखाली मला विजेचं बिल सापडलं. त्याच्या मागे पेन्सिलीने, थरथरत्या हाताने, तिचं नाव, माहेरचं गाव, वारांची नावं लिहिलेली. "लिहिलेलं वाचता येत होतं मला," ती म्हणाली, "पण म्हटलं, ते पाठच असतं, त्यात काय आलं."

त्या दुपारी ती उठली, पेपर आणला, घडी मोडली आणि उभ्यानेच मोठ्याने वाचायला लागली. अग्रलेख नाही, छोट्या जाहिराती. दोन खोल्या भाड्याने देणे आहे. शिलाई मशीन विकणे आहे. अख्खा रकाना वाचला. मी यंत्र हातात धरून बसून राहिले.

नवरा म्हणाला, भाऊ म्हणाला, तांत्रिक अडचण होती, तुझा काय दोष? अडचण तांत्रिक होती हे खरं आहे. देवनागरीत ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी अशी साठवली जाते. दाखवताना वेलांटी पुढे आणायची, जोडाक्षर बांधायचं, रफार वर चढवायचा, हे काम यंत्रातल्या सॉफ्टवेअरचं. ते त्याला येत नसेल तर अक्षरं हजर असतात, पण लिपी उरत नाही. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, पंधरा वर्षं. कुणाच्या हातात काही देण्याआधी ते स्वतः वापरून बघायचं, याचाच मला पगार मिळतो. अकरा पुस्तकांतलं एक पान मी उघडून वाचलं नव्हतं.

म्हणून तुम्ही "कुठलं चांगलं?" असं विचारता तेव्हा मला पट्कन उत्तर देता येत नाही. मी आधी विचारते की तुमची पुस्तकं कुठून येणार आहेत आणि कुठल्या लिपीत. लोकांना वाटतं मी टाळते आहे.

दुसऱ्याच दिवशी मी आईसाठी किंडल मागवलं. डिसेंबर २०१६ पासून ॲमेझॉनने किंडलवर मराठी पुस्तकं आणली, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर. तिला हवी ती बरीच पुस्तकं तिथे विकत मिळतात आणि वेलांट्या जागेवर असतात. तिच्या पानावर सात ओळी मावतात, इतकं मोठं अक्षर लावून ती वाचते. माझ्याकडचं दुसरं यंत्रही किंडल, मराठीसाठी. लायब्ररी कोबोवर, मराठी किंडलवर. दोन-दोन का, त्याचं उत्तर हे.

"कोबोवर मराठी वाचताच येत नाही का?" येतं, खटपट केली तर. ‘fonts’ असं इंग्रजीत नाव दिलेलं फोल्डर करून त्यात देवनागरी फाँट टाकायचा, फाइल कोबोच्या स्वतःच्या केपब प्रकारात बदलून बघायची. मी केलं आहे. पण मी ते माझ्यासाठी करते, सत्तरी ओलांडलेल्या कुणासाठी करून त्यांच्या हातात देत नाही. आणि पीडीएफचा हट्ट धरू नका. सहा इंची पडद्यावर जुन्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान म्हणजे मुंग्या. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायची आजची सामायिक पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये जुळवलेली पीडीएफ ईपबमध्ये बदलायला जाल तर हाती निव्वळ खिचडी येते, आणि यात यंत्राचा दोष नसतो.

किंडलवर मी खूश आहे असंही समजू नका. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून ठेवायची सोय त्यांनी २६ फेब्रुवारी २०२५ ला बंद केली. तेव्हापासून आईचं कपाट खरं कुणाचं आहे, हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. कोबोने २०२४ मध्ये नवी मॉडेलं आणताना दुरुस्तीचे सुटे भाग आणि सूचना आयफिक्सिट या दुरुस्तीचं साहित्य पुरवणाऱ्या कंपनीबरोबर उपलब्ध केल्या. हे मला मनापासून आवडलं. रंगीत पडदा मात्र रोजच्या वाचनाला घेऊ नका. पार्श्वभूमी काळपट पडते आणि रंगातली स्पष्टता इंचाला १५० ठिपक्यांवर येते, काळ्या-पांढऱ्यात ती ३०० असते.

आता ज्यांनी नुकतंच बूक्स हे फोनसारखी ॲप चालवणारं ई-रीडर घेतलंय ते म्हणतात, अँड्रॉइड आहे, लिबी आणि किंडल दोन्ही ॲप एकाच पडद्यावर, मग तुमचं दोन-दोन कशाला? दोन वर्षांपूर्वी मी यावर वाद घातला होता. ई-रीडरच्या ई-इंक पडद्यावर ॲप पळवली की पानाचे भुताटकीसारखे ठसे राहतात, बॅटरी लवकर उतरते, सूचना येत राहतात, वाचनाचं मन लागत नाही. यातलं बरंचसं मी महिनाभर वापरून म्हटलं होतं. पण मैत्रिणीचा भाऊ दीड वर्ष तेच वापरतो आणि माझ्याहून जास्त वाचतो. कदाचित मला एकच यंत्र नकोच आहे. कदाचित त्या दुपारनंतर मराठीसाठी वेगळं यंत्र हवं, ही माझी गरज आहे, तुमची नसेलही. याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

एक गोष्ट मात्र आईने स्वतः ठरवली आहे. नवं पुस्तक उघडलं की ती व्हिडिओ कॉल लावते आणि पहिलं पान कॅमेऱ्यासमोर धरते. मी मोठ्याने वाचते. "बरोबर आहे ना?" ती विचारते. "बरोबर आहे," मी म्हणते. मगच ती पुढे जाते. तीन वर्षं झाली, तिने एकदाही हे चुकवलेलं नाही.

मागच्या रविवारी तिने असंच पान धरलं. सह्याद्रीचं वर्णन होतं, आणि तिसऱ्या ओळीत होतं ‘दर्या’. असायला हवं ‘दऱ्या’. डोंगरात समुद्र कुठला? "हे यंत्राचं, की छापणाऱ्याचं, की माझं?" ती म्हणाली. मी तीच फाइल लॅपटॉपवर उघडली. तिथेही दर्या. म्हणजे यंत्र सुटलं. पण मूळ छापील पुस्तकात काय आहे ते तिला बघायचंय. वाचनालयातल्या काकांना प्रत शोधून ठेवायला सांगितलं आहे, आणि तोवर ती चौथ्या ओळीच्या पुढे गेलेली नाही.